समोरच्या दाताला पातळ इंप्लांट म्हणजे ‘काडी’? जरा थांबा

उपरा_सोलापूरकर
कालची पातळ इंप्लांटवरची पोस्ट वाचून डोकं उठलं म्हणून लिहितोय. (इंप्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा खुंट, त्यावर नकली दाताची कॅप स्क्रूने बसवतात.) ‘पातळ इंप्लांट म्हणजे काडी, पाच वर्षांत मोडते, हाड भरायचा व्याप नको म्हणून डॉक्टर ती ठोकून मोकळे होतात’, असं बिनधास्त लिहिलंय (हाड भरायचं म्हणजे कमी पडणाऱ्या हाडात भर घालायचं ऑपरेशन) आणि खाली लोक माना डोलावतायत. अहो, वरच्या लॅटरलची, म्हणजे मधल्या दोन दातांच्या बाजूच्या दाताची, जागाच मुळात साडेसहा मिमीच्या आसपास, दोन्हीकडच्या मुळांपासून दीड-दीड मिमी सोडायचं, उरलं किती? साडेतीन. त्यात नेहमीचा ४.१ मिमी व्यासाचा कुठे कोंबणार? खालच्या पुढच्या दातांना तर पाच-साडेपाचच मिळतात. हौस म्हणून कुणी पातळ घालत नाही. अभ्यासांमध्ये ३.३ ते ३.५ मिमीवाल्यांचं टिकण्याचं प्रमाण ९७-९८ टक्क्यांच्या घरात आहे, जाड इंप्लांटच्या जवळपास तेवढंच. ३ मिमीच्या खालचे, ज्यांना मिनी म्हणतात ते, थोडे मागे, ९५ च्या आसपास. सगळ्यांना एकाच माळेत ओवलं की झालं!

स्पष्टवक्ती_नाशिक
ती पोस्ट माझीच आहे, नाव घेऊन बोला, चालेल मला. तुमचे ९७-९८ टक्के किती वर्षांचे ते का नाही लिहिलंत? बहुतेक अभ्यास एक ते तीन वर्षांचे, आठ-नऊ वर्षांपर्यंत गेलेले मोजके. तिशीतल्या मुलीला दात पुढची चाळीस वर्षं वापरायचाय. आणि ‘टिकला’ म्हणजे हाडात उभा आहे एवढंच, हिरडी वर सरकून धातूची करडी कड हसताना दिसायला लागली तरी तुमच्या हिशोबात तो पासच. गणितही करून बघा, भरीव दांड्याची वाकण्यापुढची ताकद व्यासाच्या घनात बदलते, ४.१ चा ३.३ केला की जवळपास निम्मी गेली. त्यात आत स्क्रूसाठी पोकळ, भिंत आणखी पातळ.

दंतवैद्य_सांगली
धंदा माझा हाच आहे, शिव्या घालणाऱ्यांनी आधीच घालून घ्या. ताईंचं गणित बरोबर, निष्कर्ष नाही. धातू कुठला हे सोडूनच दिलंत. टायटॅनियममध्ये साधारण १५ टक्के झिर्कोनियम घातलेला मिश्रधातू २००९ पासून बाजारात आहे, तो नुसत्या टायटॅनियमपेक्षा मजबूत, आणला तोच मुळी पातळ इंप्लांटसाठी. दुसरं, लॅटरलवर जोर येतो किती? मोडतात ते सुळ्याच्या जागी घातलेले, दाढेला घातलेले, नाहीतर रात्री दात खाणाऱ्यांचे. ३ मिमीचे तर कंपन्या स्वतःच फक्त वरचा लॅटरल आणि खालचे पुढचे दात एवढ्यालाच वापरा म्हणतात. मोडण्याआधी बहुतेक वेळा स्क्रू ढिला होतो, कॅप हलते, पेशंट तशीच वापरत राहतो, मग धातू थकतो. हिरडीचं म्हणाल तर ओठाकडचं हाड मुळातच पातळ, ते जाड इंप्लांटखालूनही जातं. पातळाच्या नावावर सगळी बिलं फाडू नका.

डोंबिवलीचे_काका
स्क्रू ढिला म्हणालात म्हणून. माझाही झालाय, वरचा डावीकडचा. ज्यांच्या क्लिनिकात बसवला ते क्लिनिक बंद, आणि बसवला तो रविवारी येणाऱ्या व्हिजिटिंग डॉक्टरने, त्याचा चेहराही आठवत नाही, मास्कमध्येच होता. नवीन डॉक्टर विचारतात, इंप्लांट कुठल्या कंपनीचा? मला काय ठाऊक! एकाकडे गेलो, त्याचा स्क्रू फिरवायचा ड्रायव्हर बसेना, हेक्स म्हणजे त्याचं षटकोनी टोक १.२ मिमीचं का १.२५ चं यावर त्यांचीच चर्चा. एक्सरे बघून अंदाज बांधत बसलेत. मी बिलाचा कागद मागितला होता, तोही कच्चा दिला होता.

दंतवैद्य_सांगली
काका, पाकिटात व्यास, लांबी, लॉट नंबर छापलेले स्टिकर असतात, एक फाइलला, एक पेशंटच्या कार्डावर. आम्ही देतो. लोक हरवतात आणि मग आमच्यावर येतात.

डोंबिवलीचे_काका
हरवलं?? दिलंच नाही हो! चाळीस वर्षांच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स आहेत माझ्याकडे, हे हरवीन? दुचाकीला आरसी बुक आणि जबड्यातल्या धातूला काही नाही?

मीनल_ठाणे
काकांना शंभर टक्के अनुमोदन. आईच्या वेळी आम्ही स्टिकर मागितलं तर ‘तुम्ही काय करणार त्याचं’ असं ऐकून घ्यावं लागलं. सगळे सारखे.

दंतवैद्य_सांगली
सगळे सारखे नाहीत. असं सरसकट बोलायचं असेल तर मी निघतो.

उपरा_सोलापूरकर
कार्डासाठी वेगळा धागा काढा ना कुणीतरी, इथे व्यासाबद्दल चाललं होतं.

डोंबिवलीचे_काका
व्यास तरी कळला पाहिजे ना. तोच स्टिकरवर असतो.

म्युनिकवाली
इंप्लांटच हवा असं कुणी सांगितलं? माझ्या मुलीला जन्मतः लॅटरल नाही, इथल्या डॉक्टरांनी शेजारच्या दाताच्या मागे एका पंखाने चिकटवलेला झिर्कोनियाचा (पांढऱ्या सिरॅमिकचा) ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाताच्या आधाराने बसणारा नकली दात, दिला. ड्रिलिंग जवळपास नाहीच. जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधक केर्न यांच्या गटाने अशा ब्रिजचे दहा वर्षांचे आकडे २०१७ साली दिलेत, ९८ टक्के टिकले. शिवाय शेजारचे दात मोठेपणीही किंचित खाली येत राहतात, इंप्लांट हाडाला धरून तिथेच, मग तोच दात आखूड दिसतो. पोरवयात घातला तर विचारूच नका.

स्पष्टवक्ती_नाशिक
बघा! दहा वर्षांचे आकडे असे असतात.

उपरा_सोलापूरकर
आणि शेजारच्या दाताला मोठी फिलिंग असेल, मागे चिकटवायला इनॅमलच (दातावरचं कडक आवरण) नसेल, तर? प्रत्येकाला चालत नाही तो. माझ्या बायकोला नाहीच चालला, ३.३ चा इंप्लांट घातला, अजून तरी खणखणीत आहे.

स्पष्टवक्ती_नाशिक
एका बायकोवरून सिद्धांत, वा. बरं, जागाच नसलेल्या लॅटरलपुरतं तुमचं खरं धरते, खूश? पण सेंट्रलला, म्हणजे समोरच्या मधल्या दाताला, साडेआठ मिमी जागा असताना हाड भरायचं टाळून पातळ घालतात, त्यांच्यासाठी पोस्ट आहे तशीच राहणार. एडिट करणार नाही.

दंतवैद्य_सांगली
सेंट्रलबाबत मीही भांडणार नाही. मात्र सत्तरीच्या, डायबेटिस असलेल्या माणसाला हाड भरण्याचं ऑपरेशन सुचवून बघा एकदा, घरचे काय म्हणतात ते कळवा.

डोंबिवलीचे_काका
डॉक्टर, पुढच्या महिन्यात मिरजेला लग्न आहे. स्क्रू बघाल का?

दंतवैद्य_सांगली
बघतो. एक्सरे घेऊन या, आणि तोवर त्या दाताने भाकरी तोडू नका. फी घेणार, आधीच सांगतो.

डोंबिवलीचे_काका
घ्या. पक्कं बिल द्या म्हणजे झालं.