टेल्मिसार्टन बंद, ॲस्पिरिन सुरू, आणि कंबरदुखीच्या गोळीवरून ओरडा. असं का?

पावभर_शेंगदाणे
मी सांगलीची, वय ३३, पहिलटकरीण, २२वा आठवडा चालू आहे. बीपी मला लग्नाआधीपासून, टेल्मिसार्टन ४० घ्यायचे. सातव्या आठवड्यात दिवस राहिल्याचं सांगितलं तर डॉक्टरबाईंनी ती त्याच दिवशी बंद केली आणि लॅबेटॅलॉल दिली. तेराव्या आठवड्यापासून रात्री झोपताना ॲस्पिरिन १५०. ठीक. मागच्या आठवड्यात कंबर धरली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने आयब्युप्रोफेन काढून दिली, मी दोन घेतल्या. तपासणीला सहज बोलून गेले, तर बाई अशा भडकल्या की बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनीही ऐकलं.

आता माझा गोंधळ. ॲस्पिरिनही पेनकिलरच ना? मग ती चालते आणि ही का नाही? टेल्मिसार्टनने माझं दोन वर्षं झकास चाललं होतं, ती बाळाचं काय वाकडं करते? आणि सध्या माझं बीपी ११२/७० येतंय, एवढं चांगलं आयुष्यात नव्हतं. मग गोळी थांबवत का नाहीत? ओपीडीत तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारतात. बारावी सायन्स आहे, तेवढ्यात बसेल असं सांगा.

साधा_माणूस
डॉक्टरांना विचारा. नेटवर विचारून कोणी बरं झालेलं नाही.

रात्रपाळी
दादा, पुढचा नंबर पुकारतात हे तिने लिहिलंय की.

शेंगदाणे, मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे, १९ वर्षं झाली. गोळ्या तुझ्या बाईंच्याच चालू ठेव. मी फक्त ‘का’ ते सांगते.

आधी कंबरेची गोळी, कारण ती माझ्या रोजच्या कामातली. पोटात बाळाची फुप्फुसं बंदच असतात. म्हणून तिकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत जातं. या आडवाटेला आम्ही डक्टस म्हणतो. तिला सैल ठेवतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन, आणि ते वारेतून भरपूर येतं. आयब्युप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. तुझी कंबर त्यानेच थांबते, पण गोळी वार ओलांडून बाळाकडेही जाते. डक्टस आवळण्याची भीती जास्त करून ३० आठवड्यांनंतर. त्याआधीची काळजी मूत्रपिंडाची: तिथला रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनवर चालतो. बाळाची लघवी कमी झाली की गर्भजल कमी, कारण या दिवसांत ते पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये असल्या गोळ्या २० आठवड्यांपासून टाळायला सांगितलं ते यामुळेच. दोन गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही, पण कधी आणि किती घेतल्या ते बाईंना नीट सांग.

आमच्याकडे काही बाळं हृदयातला असा दोष घेऊन येतात की डक्टस मिटला तर जगणंच कठीण. त्यांना ऑपरेशन होईपर्यंत तेच प्रोस्टाग्लँडिन सिरिंज पंपाने थेंबथेंब देतो. निळे ओठ डोळ्यांदेखत गुलाबी होतात. पण औषध चालू असताना बाळ मधूनच श्वास घ्यायचं थांबतं, म्हणून मी खुर्ची तिथून हलवत नाही. थांबलं की तळपायाला टिचकी. आणि शेजारच्या वॉर्मरवर २८ आठवड्यांचं बाळ, त्याचा डक्टस मिटतच नाही म्हणून त्याला आयब्युप्रोफेन! एकाची वाट उघडी ठेवायची, दुसऱ्याची बंद करायची, दोन्ही एकाच खोलीत. अशा रात्री मी सिरिंजवरचं लेबल तीनदा वाचते.

टेल्मिसार्टनचंही तसंच. अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं रसायन. ती गोळी त्याची वाट अडवते, तुझ्या रक्तवाहिन्या सैलावतात. बाळाचं बीपी मुळातच कमी, त्याचं मूत्रपिंड अँजिओटेन्सिनच्या रेट्यावर चालतं. रेटा गेला की लघवी थांबते, पाणी आटतं, आणि पाण्यावाचून फुप्फुसं वाढत नाहीत. तुझी वेळेत बंद झाली.

पावभर_शेंगदाणे
ताई, डोक्यात लख्ख झालं. पण मग ॲस्पिरिन?

जुना_खडू
मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे फळा दिसला की हात शिवशिवतो. क्षमस्व.

रक्तातल्या प्लेटलेट थ्रोम्बॉक्सेन बनवतात, त्याने वाहिन्या आवळतात. वाहिन्यांचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं, त्याने सैलावतात. प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणी बीपी चढून होणारा धोक्याचा आजार, त्यात पारडं थ्रोम्बॉक्सेनकडे झुकतं. ॲस्पिरिनचा छोटा डोस दोघांचंही एन्झाइम मोडतो. पण अस्तराच्या पेशी नवं एन्झाइम बनवतात. प्लेटलेटला केंद्रकच नाही, ती मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, थोटीच राहते. तेवढ्या डोसात बाळाच्या डक्टसला धक्का लागत नाही. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत जोखमीच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत रात्री १५० मिलिग्रॅम दिली. ३७ आठवड्यांच्या आत येणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला.

आता तुमचं ११२/७०. गरोदरपणी अँजिओटेन्सिन खरं तर वाढतं, पण वाहिन्या त्याच्याकडे कानाडोळा करतात. डॅलसच्या नॉर्मन गँट यांनी पहिलटकरणींना अँजिओटेन्सिनचं ठिबक लावून १९७३ साली हे दाखवलं: बीपी चढवायला एरवीपेक्षा जास्त औषध लागायचं. पुढे ज्यांचं बीपी वाढलं, त्यांच्या वाहिन्यांचा हा बहिरेपणा कित्येक आठवडे आधीच ओसरायला लागला होता. तुम्ही सध्या उताराच्या तळाशी आहात. शेवटच्या तीन महिन्यांत आकडा परत चढतो, म्हणून बाई सावध आहेत.

अवांतर: नाळेतल्या रक्तवाहिन्यांना मज्जातंतू नसतात म्हटलं तरी चालेल. तिथला कारभार अशा रसायनांवरच. परीक्षेत हे कोणी लिहिलं की मी अर्धा मार्क जास्त द्यायचो.

दुसऱ्यांदा_आई
मला पहिल्या खेपेला ३१व्या आठवड्यात हा प्रीएक्लॅम्पसिया झाला. अंगठी निघेना, डोकं ठणकायचं, मी मोबाईलला दोष देत बसले. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा नवऱ्याने गाडी काढली. दुसऱ्या खेपेला ॲस्पिरिन होती, ३७ गाठले, तरी शेवटच्या आठवड्यात बीपी चढलंच. घरी मशीन घे. पाच मिनिटं गप्प बसून मगच पट्टा बांध. डोकेदुखी, काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्याला सूज, यातलं काही दिसलं तर नंबर लावत बसू नकोस.

पावभर_शेंगदाणे
मशीन मागवलं. बाईंनी परवा सोनोग्राफीत पाणी बघितलं, व्यवस्थित आहे. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, त्यावर सासूबाईंचा ओवा. मेडिकलवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, “मॅडम, ओढणीमुळे पोट दिसलंच नाही.” तेव्हापासून ओढणी घरी ठेवून जाते.