सुपरहिरो पिक्चर: काळोखातला बरा की उजेडातला? आपापले अनुभव टाका

काळोखातला म्हणजे गंभीर, उदास पिक्चर, उजेडातला म्हणजे हलकाफुलका, आशेचा. घरात यावरून रोज वाद चालूय म्हणून विषय काढला. कोणता भारी ते नको, कुठं बघितला, कोणासोबत, आन् नंतर काय वाटलं ते लिहा.

लातूर
2016 चा उन्हाळा. बॅटमॅन-सुपरमॅन भांडतात तो पिक्चर मार्चमध्ये आला, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमचं पाणी आलं, ध्यानात असेल सगळ्यांच्या. टँकरच्या लायनीत घागरी लावून आम्ही मोबाईलवर कॅमेरा प्रिंट बघायलोत, पिक्चरच एवढा काळा की निम्म्या वेळेला स्वतःचंच तोंड दिसायलंय. शेजारचे काका डोकावले, म्हणले, उडता येतंय ना त्याला, मग भांडायलाय कामून, दोन टँकर आणून टाक म्हणावं. पुढचा पिक्चर कुणी सीरियस बघितलाच नाही.

परभणी
आमचा एकच, शक्तिमान. रविवारी नेमकी लाईट जायची मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाईटला लावायची आन् आर्धी गल्ली आमच्या ओसरीवर. शेवटचा उपदेश बोअर व्हायचा, पण बॅटरी जोडलीय तर बघा आता.

नांदेड
भाच्याला घेऊन 2025 चा सुपरमॅन बघितला. एवढा राक्षस, एवढी पडझड, पोरानं घरी येऊन सांगितलं काय तर त्यानं खार वाचवली. आज्जीला तीनदा सांगितलं.

छत्रपती संभाजीनगर
खार ठीकाय हो. पण 2013 च्या मॅन ऑफ स्टील ह्या सुपरमॅनच्या पिक्चरमध्ये बिल्डिंगी पडल्या, त्याखाली आपलीच माणसं मेली म्हणून ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, पुढच्या पिक्चरमध्ये पेटून उठतो. लोक त्याला रडका म्हणतात, मला तो एकटाच शहाणा वाटला. मेलेल्याची आठवण कुणीतरी ठेवायला नको का?

जालना
वरच्या दादांना पटेल असं सांगतो. बॅटमॅनचा डार्क नाइट, 2008. दोन बोटी, दोन्हीत बॉम्ब, एकीचं बटन दुसरीत, आन् एका बोटीत सगळे कैदी. आम्ही होस्टेलवर पैजा लावल्या कैदी दाबणार म्हणून. तर त्यातलाच एक धिप्पाड गडी उठतो, रिमोट मागून घेतो आन् सरळ खिडकीबाहेर फेकतो, जाऊन बसतो जागेवर. बॅटमॅन तिथं नाहीच. एवढ्या काळ्या पिक्चरमध्ये खरी हिरोगिरी त्या बिननावाच्या कैद्याची, मग ह्याला कोणत्या खात्यात टाकायचं सांगा. पैजेचा चहा मात्र मलाच पाजावा लागला.