शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडणे खरोखरच अडाणीपणाचे आहे काय?

चक्रवाढ :
परवा या चर्चामंचावर एका सभासदाने लिहिले की, शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडणारे लोक गणितात कच्चे असतात. व्याजावर प्राप्तिकरात सवलत मिळते, म्हणून हप्ता सावकाश भरावा आणि उरलेले पैसे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाच्या गुंतवणुकीत, घालावेत. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांना हे सांगितले जात असल्यामुळे सविस्तर उत्तर देणे भाग आहे. ही वजावट मुद्दलावर नसून केवळ व्याजावर आहे, परतफेड सुरू झाल्यापासून आठच वर्षे मिळते आणि तीही प्राप्तिकराच्या दोन पर्यायांपैकी जुन्या करप्रणालीतच. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. मग सात-आठ लाख मिळवणाऱ्याने ही सवलत नेमकी कोणत्या करातून वळती करून घ्यायची? दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षे फेडल्यास हप्ता पावणेअकरा हजारांचा, म्हणजे सोसवेल असा दिसतो. परंतु तेवढ्या काळात नुसत्या व्याजापोटी सव्वानऊ लाखांहून अधिक रक्कम जाते.

निर्देशांक :
तो सभासद मीच. घरभाडे भत्ता आणि इतर वजावटींमुळे जुनी प्रणालीच ज्यांना परवडते, अशा तीस टक्के कराच्या टप्प्यातील माणसाला दहा टक्क्यांचे कर्ज त्या आठ वर्षांत सात टक्क्यांहूनही कमी दराने पडते, आणि पीपीएफवर, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, ७.१ टक्के करमुक्त मिळतात. शिवाय कर्जापोटी बँकेत एकदा भरलेले पैसे नोकरी गेल्यावर परत मागता येत नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

कृष्णाकाठ :
आपण दोघेही सहकर्जदार नावाच्या, कर्जावर सोबत सही करणाऱ्या माणसाला विसरलात. साडेसात लाखांवरील कर्जाला बहुतेक सरकारी बँका तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे बापाचे घर असते. आमचे कराडचे घर माझ्या शिक्षणासाठी गहाण होते. हप्ता दोन दिवस लांबला, तरी फोन मला न येता निवृत्त झालेल्या वडिलांना येई. कर्ज फिटल्यावर शाखेने सांगितले की, मूळ खरेदीखत विभागीय कार्यालयात आहे. ते हाती येईपर्यंत वडील दर सोमवारी पासबुक घेऊन त्या काउंटरसमोर उभे राहत. आपल्या सात टक्क्यांच्या हिशेबात हे कोठे बसते?

निर्देशांक :
वडिलांविषयी आदर आहे, परंतु भावना आणि वित्त यांची गल्लत करू नये. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत न केल्यास बँकेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कृष्णाकाठ :
तो नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. आमचे कर्ज त्यापूर्वीच फिटले होते. परिपत्रके तोंडपाठ असणाऱ्यांनी तारखाही पाठ कराव्यात.

उंबरठा :
घर गहाण ठेवा, असे मुलांनी सांगितले होते काय? मला इतिहास शिकायचा होता. वडिलांनी नातेवाइकांत मान राहावा म्हणून खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला घातले, कर्ज माझ्या नावावर काढले, आणि आता "आमच्यावरचे ओझे लवकर उतरव" असे तेच सुनावतात. ओझे कोणी कोणावर चढवले, याचाही हिशेब एकदा मांडावा.

कृष्णाकाठ :
ज्यांनी जामीनकीवर सही केली त्यांच्याविषयी असे लिहिताना संकोच वाटावयास हवा होता. आपली पदवी आपल्याला नकोशी असेल, तर तिच्या जोरावर मिळालेला पगारही नाकारून दाखवावा.

उंबरठा :
पगारातील मोठा वाटा हप्त्यातच जातो. उरलेला आपण खुशाल नाकारा.

चक्रवाढ :
बापलेकांचे खटले येथे निकालात निघणार नाहीत, तेव्हा मूळ मुद्द्याकडे येतो. निर्देशांक यांचे गणित उत्तम पगाराच्या, जुन्या प्रणालीत राहिलेल्या, पीपीएफमध्ये पंधरा वर्षे पैसे अडकवूनही नोकरी गेल्यावर हाताशी पैसे हवेत म्हणणाऱ्या दुर्मीळ माणसापुरते बरोबर आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवावा, हेही मान्य. त्यानंतर जे उरेल ते कर्जातच भरावे; बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. मात्र रक्कम भरताना "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असे शाखेला लेखी द्यावे, अन्यथा हप्ता घटवून मुदत तशीच ठेवली जाण्याचा संभव असतो आणि व्याजात अपेक्षेइतकी बचत होत नाही.

निर्देशांक :
लेखी देण्याचा सल्ला योग्य आहे. बाकी दहा वर्षांनी आपला आणि माझा शिल्लक आकडा शेजारी ठेवू.

कृष्णाकाठ :
ठेवा, पण शेजारी घराचे कागद कोणाच्या कपाटात आहेत, तेही लिहा.