शब्दचर्चा : रोजगारांत ‘भर घातली’ की ‘भर पडली’?

प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षीय राजकारणावरचा मजकूर मराठीत आणताना एकच वाक्य मला वारंवार अडवते. मंदीनंतर आमच्या अध्यक्षांनी इतके रोजगार निर्माण केले, असे एक पक्ष म्हणतो. ते निर्माण केले नाहीत, गेलेलेच परत आले, असे दुसरा म्हणतो. मराठीत दोन्हीकडे ‘रोजगारनिर्मिती’ हाच शब्द पडतो आणि भांडण नेमके कशावरून आहे हेच वाचकाला उमगत नाही. यासाठी दुसरा शब्द आहे का? शिवाय ‘एक कोटी रोजगार’ ही रचना योग्य, की ‘नोकऱ्या’ म्हणावे?

उत्तर

आधी ‘रोजगार’ पाहू. हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ काळ, दिवस असा आहे. मराठीत तो कामधंदा आणि उपजीविका या अर्थाने स्थिरावला, म्हणून मोजताना तो थोडा अवघडतोच. अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग दर महिन्याला जो ठळक आकडा देतो, तो माणसांचा नसून आस्थापनांच्या पगारपत्रकांवरील जागांचा असतो. एकच माणूस दोन ठिकाणी काम करत असेल, तर तो तिथे दोनदा मोजला जातो. स्वतःची शेती किंवा दुकान चालवणारा त्यात येतच नाही. बेकारीचा दर वेगळ्या, घरोघरच्या पाहणीतून काढतात. म्हणून ‘एक कोटी लोकांना काम मिळाले’ हे भाषांतर चुकीचे, ‘एक कोटी नोकऱ्या वाढल्या’ हे चालण्याजोगे.

आता ‘निर्मिती’. हा आकडा निव्वळ शिलकीचा आहे. त्या महिन्यात लागलेल्या आणि गेलेल्या जागांची वजाबाकी होऊन तो उरतो, आणि शिल्लक कोणी निर्माण करत नसते. मराठीत यासाठी ‘भर’ हा शब्द तयारच आहे. शिवाय त्याची दोन क्रियापदे हा वाद अचूक पकडतात. ‘भर घातली’ म्हटले की कर्ता लागतो. ‘भर पडली’ला तो लागत नाही. बिल क्लिंटन यांनी २०१२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात हिशेब मांडला, की १९६१ पासून रिपब्लिकन अध्यक्षांच्या २८ वर्षांत खासगी क्षेत्रात २.४ कोटी आणि डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या २४ वर्षांत ४.२ कोटी नोकऱ्या वाढल्या. या हिशेबाचे वजन ‘घातली’त आहे. ‘पडली’ म्हटले, की लगेच तेलाचे भाव, व्याजदर आणि दैव यांची चौकशी सुरू होते.

‘भर’चे दुसरे अंग मला अधिक मोलाचे वाटते. खड्डा ‘भरून निघतो’ आणि पूर्ण असलेल्यावर ‘भर पडते’. मंदीनंतरच्या वादाचे मर्म याच फरकात आहे. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या दोन महिन्यांत अमेरिकेत दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. त्यांपैकी सव्वा कोटीच्या आसपास ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपेपर्यंत परतल्या, तरी ९० लाखांहून अधिक नोकऱ्यांचा खड्डा उरलाच. तो बायडेन यांच्या काळात जुलै २०२२ पर्यंत भरून निघाला आणि त्यानंतर जी पडली ती खरी भर. बायडेन यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या सुमारे १.६ कोटींत हे दोन्ही मिसळलेले आहे. ‘परत आलेले रोजगार’ हा रिपब्लिकनांचा आक्षेप म्हणूनच निराधार नव्हे; मात्र २०२० च्या उन्हाळ्यातले परतलेले रोजगार त्यांनी स्वतः विक्रम म्हणून मिरवले होते, तेव्हा ही व्याकरणशुद्धी त्यांना सुचली नव्हती.

पुरवणी (दुसऱ्या एका वाचकाकडून)

‘निर्मिती’वरचा राग मला अनाठायी वाटतो. आपल्याकडे हा शब्द हवेतून आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या माणसांचे नाव सरकारी हजेरीपटावर चढत होते. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि किती मनुष्यदिवस निर्माण झाले याचे हिशेब ठेवले गेले. तिथे निर्मिती करणारा स्पष्ट दिसतो. शिवाय राजकारणी माणूस दावा करत असेल, तर त्याचा दावा दाव्यासारखाच दिसला पाहिजे; भाषांतरकाराने तो सौम्य का करावा?

उत्तर

तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हमीच्या कामावर सरकार स्वतः मजुरी देते, म्हणून तिथे ‘निर्मिती’ शोभते. आपला वाचक तेच चित्र मनात धरून वॉशिंग्टनची बातमी वाचतो आणि अध्यक्षांनी हजेरीपट उघडला असे समजतो. तसे क्वचित घडतेही. मे २०१० मध्ये तिथे ४ लाख ३१ हजार नोकऱ्या वाढल्याचे जाहीर झाले, त्यांतल्या ४ लाख ११ हजार जनगणनेसाठी घेतलेल्या तात्पुरत्या माणसांच्या होत्या. तिथे ‘सरकारने निर्माण केल्या’ म्हणायला माझी हरकत नाही. मोजणी संपली तसे ते घरी गेले, एवढेच.

दुसरे टोक पाहा. सप्टेंबर १९८३ मध्ये नोकऱ्या एका महिन्यात ११ लाखांहून अधिक वाढल्या आणि रेगन यांचे समर्थक हा आकडा आजही सांगतात. ऑगस्टमध्ये दूरध्वनी कंपनीचे सुमारे पावणेसात लाख कर्मचारी संपावर होते. महिन्याची १२ तारीख ज्या पगारकाळात येते, त्या पूर्ण काळात पगार न मिळालेला माणूस मोजणीत धरत नाहीत; त्यामुळे ते ऑगस्टमध्ये पत्रकावरून उतरले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा चढले. यात निर्मिती कुठली? तेव्हाची तेजी खरी होती, पण त्या महिन्याला ‘कामावर परतले’ हेच क्रियापद हवे.

दाव्याबद्दल मात्र तुमचे मान्य. वक्त्याच्या तोंडी ‘निर्माण केले’ राहू द्यावे, वार्ताहराच्या तोंडी ‘वाढले’ असावे.

प्रश्नकर्त्याकडून

आभार. आता माझे वाक्य असे झाले आहे : ‘आपण १.६ कोटी रोजगार निर्माण केल्याचा दावा डेमोक्रॅट करतात. या काळात नोकऱ्या तितक्या वाढल्या खऱ्या, पण त्यांतल्या ९० लाखांहून अधिक साथीत गेलेल्या नोकऱ्यांच्या जागी भरून आल्या.’ एक अडचण अजून उरते. मंदीत अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी ओबामा यांनी केलेल्या २००९ च्या उत्तेजन कायद्याबाबत ‘निर्माण केलेले किंवा वाचवलेले’ रोजगार अशी जोडी येते. तिथे ‘वाचवलेले’ ठेवावे का?

उत्तर

नको. मराठीत पैसा वाचवतात तेव्हा तो खर्च करत नाहीत. ‘सरकारने रोजगार वाचवले’ हे वाचून एखाद्याला सरकारने भरती टाळली असे वाटायचे. ‘टिकवले’ लिहा. शिक्षकाची नोकरी राज्याच्या अंदाजपत्रकातून जाणार होती आणि केंद्राच्या पैशामुळे राहिली, एवढाच त्याचा अर्थ आहे. विरोधकांची चेष्टाही त्यात नीट उतरते, कारण गेली नाही ती नोकरी कशी मोजायची, हा त्यांचा सवाल होता. आणि ‘मंदीनंतर’ लिहिताना महिना द्या. अधिकृत मंदी जून २००९ मध्ये संपली, पण नोकऱ्यांनी तळ गाठला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. मोजणी कुठून सुरू करायची यावर दोन्ही पक्षांचे निम्मे आकडे उभे आहेत.