‘कोबॉट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
कारखान्यातल्या ऑपरेटरांसाठी सुरक्षापुस्तिका मराठीत करतेय. ‘कोबॉट’ला, म्हणजे माणसाच्या शेजारी राबणाऱ्या रोबोला, कुणीतरी ‘सहकारी यंत्रमानव’ सुचवलं. वाचताच साखर कारखाना आणि संचालक मंडळाची निवडणूकच डोळ्यांपुढे आली. दुसरं काही? आणि ‘हँड गायडिंग’ला?

प्रतिसाद १
‘सहकारी’ नकोच, तो शब्द पतपेढ्या आणि दूधसंघांनी केव्हाच नेला. ‘यंत्रमानव’ही नको. टेबलाला बोल्टने आवळलेला, सहा-सात सांध्यांचा एक हात; त्यात मानव कुठे आला?

‘रोबॉट’ आला कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, म्हणजे हा मुळात वेठबिगारच. त्याला ‘को’ चिकटला १९९०च्या दशकात, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, कोलगेट आणि पेश्किन या प्राध्यापकांच्या यंत्रामुळे. ते स्वतःच्या बळावर हलत नसे. जोर माणसाचा, यंत्र फक्त वाट आखून धरी. आजचे कोबॉट मोटरवर हलतात आणि माणसाला धक्का लागलाच तर थांबतात. नाव तेच राहिलं, वस्तू पार बदलली. म्हणून व्युत्पत्तीवरून शब्द पाडू नका.

प्रतिसाद २
चाकणला लाइनवर आहे. आम्ही सरळ ‘रोबो’ म्हणतो. पॉइंट शिकवले, पेंडंट (रोबो चालवायचा हातातला कंट्रोलर) दे, रोबो फॉल्टला गेला. हँड गायडिंग म्हणजे ‘हाताला धरून शिकवणे’. खरंच त्याचा हात धरून फिरवतो आपण.

पेंडंटमागच्या त्या स्विचला मात्र कृपा करून ‘अनुज्ञा कळ’ लिहू नका. अर्धा दाबून धरला तरच रोबो हलतो. सोडला तर थांबतो, गच्च आवळला तरी थांबतो, कारण दचकलेला माणूस यातलं एक काहीतरी करतोच. ‘अर्धा दाबायचा स्विच’ लिहा, नवीन पोरगाही चुकणार नाही.

प्रतिसाद ३
‘सावड’ कसा वाटतो? ‘सावड्या रोबो’. एकत्र राबण्याला आपल्याकडे शेतीत हा शब्द आहेच.

प्रतिसाद १
कानाला गोड आहे, पण सावडीत फेड असते. आज तुम्ही माझ्या शेतावर, उद्या मी तुमच्या. रोबोच्या शेतावर कोण जाणार?

त्यापेक्षा वेगळी अडचण सांगतो. आयएसओ १०२१८ या रोबो-सुरक्षेच्या मानकाच्या ताज्या आवृत्तीत ‘सहयोगी’ हे विशेषण यंत्राला नाही, कामाच्या मांडणीला लावलंय. मला ते पटतं. तोच हात रबरी पकड लावून शेजारी उभा राहील, त्याच्या टोकाला पातं लावलंत की कुंपण घालावं लागेल. यंत्रालाच ‘सहयोगी’ म्हटलं तर ऑपरेटर पात्याजवळही बिनधास्त हात घालेल. यंत्राला ‘कोबॉट’च राहू द्या, माणूस आणि तो एकाच जागेत राबतात त्या व्यवस्थेला ‘सहकाम’ म्हणा.

प्रश्नकर्ती
‘सहकाम’ घेतला, ‘अर्धा दाबायचा स्विच’ही. आता ‘हँडओव्हर’, म्हणजे रोबो पार्ट आपल्या हातात सोडतो ते. ‘हस्तांतरण’ म्हटलं की सातबारा आठवतो.

प्रतिसाद २
‘हातात देणे’. आणि पुढे ठळक लिहा: पार्ट ओढू नका, तो सोडेपर्यंत थांबा.