पांझरेकाठचा सायकल-पादचारी मार्ग वाढवायचाय, प्रस्तावात नेमकं काय मागावं?

देवपूरवासी: धुळ्यात पांझरेच्या देवपूर काठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एकत्र मार्ग वाढवावा, असा प्रस्ताव वॉर्डातून महापालिकेला देतोय. लांबी दोनेक किलोमीटर, मध्ये एक पूल, दोन नाले. जमीन काळी. रुंदी किती मागावी? पेव्हर ब्लॉक की काँक्रीट? पुलाखालून न्यावा की वरून रस्ता ओलांडून?

नदीकाठ: आधी जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा मिळवा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून मार्ग उंच करायला कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. पात्र अरुंद होतं आणि तेच पाणी समोरच्या काठावर चढतं.

दोन्ही दिशांना सायकली आणि सोबत चालणारे असतील तर 3 मीटर अगदी कमीत कमी, 4 मागा. पुलाखालून नेल्यास डोक्यावर अडीच मीटर मोकळं हवं. उतार 1:20 ठेवा, म्हणजे व्हीलचेअरही चढेल. हा तुकडा पावसाळ्यात बुडणारच, असं धरूनच बांधा. पाणी ओसरलं की गाळ पाइपाने धुऊन नदीकडे काढता यावा, म्हणून नदीच्या बाजूला कठडा सलग नको, मधे फटी ठेवा. वरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सोडल्यावर बंद करायला दोन्ही टोकांना फाटक हवं. वरचा रस्ता ओलांडायची सोयही ठेवाच, नाहीतर पुराच्या दिवसांत सगळा मार्ग तुटतो.

मुरूम-खडी: भाऊ, काळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक नको. उन्हाळ्यात माती भेगाळते, पहिल्या पावसात फुगते, ब्लॉक वर-खाली होतात आणि सायकलचं चाक कडेला अडकतं.

काळी माती 50 ते 60 सेंटिमीटर काढा. मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून भरा. मुरूम काँक्रीटच्या कडेबाहेर दोन्हीकडे अर्धा मीटर न्या. कड बहुतेक इथेच तुटते, कारण बाहेरची माती आधी सुकते आणि कडेखाली पोकळी होते. वर 15 सेंटिमीटर एम-25 (मजबुतीची प्रत) काँक्रीट, आडवा उतार 2 टक्के, आणि ओलं असतानाच झाडूने आडव्या रेघा, म्हणजे पावसात घसरत नाही.

दर 4 मीटरला 5 सेंटिमीटर खोल कट मारा, तोही त्याच दिवशी. खानदेशच्या उन्हात दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलात तर काँक्रीट आपल्या मनाने तडकतं. मे महिन्यात संध्याकाळी ओता, लगेच ओली गोणपाटं टाका आणि किमान 10 दिवस ओली ठेवा. हे सगळं निविदेत लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

देवपूरवासी: मनापासून आभार. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून खांब लावावेत का?

नदीकाठ: दादा, खांबांनी रिक्षा आणि गाड्या थांबतात, मोटारसायकल नाही. अपंगांची तीनचाकी जायला सव्वा मीटर फट लागते, तेवढ्यातून मोटारसायकल आरामात जाते. नागमोडी फाटकात तर तीनचाकीच अडकते. दुचाकी का शिरते ते बघा. बहुधा शेजारच्या रस्त्याच्या दुभाजकात वळण नसतं आणि लांबचा फेरा वाचवायचा असतो. तिथे वळण मागा. गल्ल्या ओलांडताना मार्ग खाली उतरवू नका, गल्लीच 10 सेंटिमीटर उचलून मार्गाच्या पातळीला आणा. गाडीवाला आपोआप हळू होतो.

मुरूम-खडी: झाडांचंही लिहून ठेवा. मार्ग पूर्व-पश्चिम आहे, मावळतीचं ऊन समोरून येतं, एका बाजूची रांग पुरत नाही. दोन्ही बाजूंना कडुनिंब, करंज, काँक्रीटपासून 2 मीटर लांब. वड-पिंपळ नको, मुळं काँक्रीट उचलतात. बाभूळ जवळ नकोच. पण पंक्चरचा खरा धनी सराटा. जमिनीला चिकटून पसरतो, पिवळी फुलं येतात, मग फळाचे पाच काटेरी तुकडे सुटून टायरमध्ये घुसतात. फळ हिरवं असतानाच खुरप्याने मुळासकट काढायचा. देखभालीच्या कंत्राटात पावसाळ्यातली दोन निंदणी वेगळी दाखवायला लावा.