मदत हवी आहे : नव्या पिढीचं ख्यालगायन ऐकायला आणि विकत घ्यायला कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. माझी आई ७४ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे तिला फार कमी दिसतं, मोबाईल हाताळता येत नाही. दिवसभर तिच्या सोबतीला असतो तो पेनड्राईव्ह लावायचा स्पीकर. बाबांनी जमवलेल्या कॅसेटी एमपीथ्री करून मी त्यात भरून दिल्यात. बाबा पुण्याला गेले की अलूरकरांच्या दुकानातून एखादी कॅसेट घेऊनच परतायचे. निवड बहुतेकदा त्यांची नसायचीच, दुकानातल्यांनी "ही ऐकून बघा" म्हणून हातात दिलेली असायची.

दिवाळीत आई म्हणाली, "जुनं सगळं पाठ झालंय गं. आता नवी पोरं काय गातात ते ऐकव की." तेव्हापासून मी शोधतेय.

हवंय ते असं : तिशी-पस्तिशीतल्या गायक-गायिकांचा ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायनात एखादा राग फुलवून गातात तो, संथ विलंबित आणि जलद द्रुत या दोन्ही भागांसह पूर्ण. फाईल माझ्याकडे राहिली पाहिजे, आणि पैसे गाणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजेत.

पहिल्यांदा एका ॲपची वर्गणी भरली. मालकंस राग शोधला की पुन्हा तेच दिग्गज. ज्यांना पुष्कळांनी ऐकलंय तेच पुढे येतात, मग नवा गायक सापडायचा कसा? विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फायली असल्यामुळे विलंबित संपता संपता भलतंच भजन सुरू होतं. ख्यालातून आलेली सगळी शांतता तिथे मोडते. शिवाय डाऊनलोड केलेलं त्या ॲपच्या बाहेर काढता येत नाही, म्हणजे आईच्या स्पीकरला त्याचा काही उपयोग नाही.

रेडिओचा अनुभव फार चांगला आला. आकाशवाणीची रागम् ही २४ तासांची शास्त्रीय वाहिनी २०१६पासून आहे, ती मोबाईलवर लागते. आमचं सांगली केंद्रही मी लावते. निवेदक गायकाचं, रागाचं, तबला-पेटीच्या साथीदारांचं नाव सांगतात, आणि कधी न ऐकलेला एखादा गळा अचानक समोर येतो. पण गॅसवर दूध असताना नाव निसटलं की निसटलं. आणि परत ऐकायचं म्हटलं तर सोय नाही.

सगळ्यात जीव लागला तो उरुसातल्या संगीतसभेत. इथल्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ ती होते. मध्यरात्रीनंतर एका मुलीनं कौशी कानडा हा जोडराग गायला. मालकंसातून कानड्यात ती इतक्या हळुवार उतरायची की शेजारच्या आजोबांनी माझा हात धरला. घरी येऊन तिचं नाव शोधलं तर यूट्यूबवर सात मिनिटांची एक चित्रफीत, तीही मधूनच कापलेली. त्या सभेचं कुणीतरी मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर फिरतंय. मला आलंय, पण तिला न विचारता ते आईच्या पेनड्राईव्हमध्ये घालायला मन धजत नाही.

तुम्ही नवे गायक कसे शोधता? आणि पूर्ण मैफल विकत कुठे मिळते?

प्रतिसाद १

बँडकॅम्पवर पाहा. एकदा पैसे दिले की फाईल कायमची तुमची. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली मोठी फाईल), एमपीथ्री, हव्या त्या प्रकारात उतरवता येते. आईंसाठी ३२० केबीपीएसची एमपीथ्रीच घ्या, साधे स्पीकर बऱ्याचदा फ्लॅक वाचत नाहीत. डिजिटल विक्रीत संकेतस्थळ १५ टक्के ठेवतं, पैसे भरण्याचं शुल्क वेगळं. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. मात्र आपल्याकडच्या तरुण ख्यालगायकांचं तिथे फार थोडं आहे, मला सतार-सरोद जास्त सापडलं.

प्रतिसाद २

ताई, गायक शोधू नका, साथीदार शोधा. मी पेटी शिकतो, म्हणून हे सुचलं. चांगला तबलजी किंवा पेटीवाला वर्षभरात कितीतरी नव्या गायकांच्या मागे बसतो. त्या कौशी कानड्याला साथ कोणाची होती ते आठवा आणि यूट्यूबवर साथीदाराचं नाव टाका. गावोगावच्या छोट्या संगीत मंडळांनी चढवलेल्या अख्ख्या मैफली निघतात. त्यांच्या शीर्षकात गायकाचं नाव धड नसतं, पण खाली साथसंगत लिहिलेली असते. मला तीन आवडते गायक असेच मिळाले.

विकत घेण्याचं म्हणाल तर सरळ गायिकेलाच विचारा. संयोजकांकडे तिचा नंबर असतो. तरुण मंडळींकडे स्वतःच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं असतात, फक्त ती विकायची कुठे हे त्यांनाही उमगलेलं नसतं. मी एकांना यूपीआयनं पैसे पाठवले, त्यांनी दीड तासाची मैफल गूगल ड्राईव्हवर दिली, वर बंदिशीचे शब्दही लिहून पाठवले.

प्रतिसाद ३

विकत घेण्याचा एवढा आग्रह कशाला? रागम् लावून ठेवा, आपोआप नवं कानावर पडेल.

धागाकर्ती

रागम् चालूच असतं. पण आईला एकच बंदिश आठ-दहा वेळा ऐकायची असते, मग ती स्वतः गुणगुणते. रेडिओ तिच्यासाठी मागे फिरत नाही.

साथीदारांची युक्ती मला कधीच सुचली नसती. काल रात्री सभेच्या पत्रिकेवरून पेटीवाल्यांचं नाव काढलं आणि दोन मैफली पूर्ण मिळाल्या, एकीत गोरखकल्याण राग आहे. संयोजकांनाही फोन केला. ते म्हणाले, आधी तिला विचारतो आणि मग नंबर देतो, हे मला फार बरं वाटलं. एकच सांगा, दीड तासाच्या मैफलीचे किती पैसे दिले तर योग्य ठरतील? कमी देऊन तिचा अपमान व्हायला नको.